साडेपाचचं पाणी

१२ एप्रिल, रविवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. चौतीस वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात आठशे माणसांच्या येण्याजाण्याच्या नोंदी ठेवल्या, आता स्वतःच्या ठेवू. शिवाय या घरात माझं म्हणणं ऐकून घेणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

संपदाचा फोन आला. नाशिकला त्यांचं घर झालं. वास्तुशांत १० मेला. पुढे १७ तारखेपासून अधिक महिना लागतो, म्हणून तारीख हलणार नाही. आईबाबा दोघांनीही यायचंच. सुनंदा हो म्हणून मोकळी झाली. मला न विचारता. फोन स्पीकरवर होता आणि मी समोरच बसलो होतो, ती गोष्ट वेगळी.

मी शांतपणे विचारलं, मे महिन्यात झाडांना पाणी कोण घालणार? सुनंदा उठली. स्टूल ओढलं, माळ्यावरून एक खोका काढला आणि माझ्या चहाशेजारी आपटला.

जावयाचा टायमर! गेल्याच्या गेल्या दिवाळीला पाठवलेला. वर चिठ्ठी होती की, झाडांमुळे तुम्हाला नाशिकला यायला जमत नाही असं संपदा म्हणाली, म्हणून हे पाठवतोय. टोमणा मारायचा तर असा, कुरियरने. मी तेव्हाच तो माळ्यावर टाकला होता.

१३ एप्रिल, सोमवार
खोका उघडला. पेरूएवढं हिरवं यंत्र, एक पडदा, तीन बटणं, बारीक नळीचं भेंडोळं, पिशवीभर ड्रिपर. खाली कागदांचा गठ्ठा. कागद परत खोक्यात घातले. ज्याने आठशे माणसांची घड्याळं लावली त्याला तीन बटणांचं घड्याळ लावायला माहितीपत्रक लागत नाही.

जावई दीपेशचं नाशिकला ठिबक सिंचनाचं दुकान आहे. म्हणजे पाईप विकतो. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही.

१५ एप्रिल, बुधवार
लँडस्केपचा सर्व्हे केला. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागे भिंतीपर्यंत बत्तीस बाय सहा फूट जागा. विरारला आमच्या चंदनसारमध्ये एवढी हिरवळ कोणाकडे नाही. (शेजारच्या बिल्डिंगकडे आहे, पण ती नीट ठेवलेली नाही.) तीन झोन पाडले. झोन ए: अळू, कर्दळ, कोरफड. झोन बी: मोगरा, जास्वंद, कढीपत्ता. झोन सी: सोनचाफा. चाफा संपदाने बारावीत असताना लावला. तिच्यापेक्षा उंच झालाय.

पाणी घालायचं पहाटे साडेपाचला, दहा मिनिटं. ऊन नाही, वारा नाही, थेंबही वाया जात नाही. व्हिडिओत एका गृहस्थांनी तक्ता काढून दाखवलंय. हे एकदा बसलं की मी मोकळा. कुठेही जाऊ शकेन. काशी. रामेश्वर.

सुनंदाने विचारलं, आणि नाशिक? म्हटलं, ओघाने आलंच.

१९ एप्रिल, रविवार. अक्षय्य तृतीया
मुहूर्त बघून आज उद्घाटन. भिंतीतल्या नळाला टायमर, टायमरला नळी. नारळ फोडला. पहिल्या मजल्यावरच्या मटिल्डा टीचरना मुद्दाम गॅलरीत उभं केलं. त्या मूळच्या वसईकडच्या कळंबच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, चर्चला जायला लवकर उठतातच.

५.३० ला यंत्र टक् असं वाजलं. एका सेकंदाचाही फरक नाही! मग नळीतून फुस्स झालं आणि पाण्याऐवजी हवा आली. दहा मिनिटं हवा आली आणि वेळेवर बंद झाली.

चौकशी केली. आमचा वॉचमन शत्रुघ्न सोसायटीच्या टाकीचा वॉल्व सव्वासहाला उघडतो. त्याआधी पूर्ण बिल्डिंग कोरडी. ही बाब मला कोणीही कळवली नव्हती. अकरा वर्षं इथे राहतो हे खरं, पण मी उठतो सातला.

टीचर वरून म्हणाल्या की, मग साडेसहाचा टाइम लावा ना, बाबा. सुनंदाही तेच म्हणाली. दोघींना सांगितलं की कामगार उशिरा येतो म्हणून कंपनी भोंगा उशिरा वाजवत नाही. सुधारायचं ते शत्रुघ्नने.

२१ एप्रिल, मंगळवार
शत्रुघ्न: ६.१८. लेट मार्क.

२२ एप्रिल, बुधवार
शत्रुघ्न: ६.०९. लेट मार्क. कारण विचारलं तर म्हणाला, साब, टंकी में पानी होगा तभी तो छोडेगा.

२३ एप्रिल, गुरुवार
वॉचमनच्या केबिनमध्ये मस्टर टांगलं. शत्रुघ्न: ६.३१. मुद्दाम.

२४ एप्रिल, शुक्रवार
पाणी खात्याचं शटडाउन. टाकीच रिकामी. त्याला मार्क कोणता द्यायचा याची मस्टरमध्ये सोय नाही. झाडांना मीच बादलीने घातलं. चार खेपा झाल्या. कंबर धरली आहे.

२७ एप्रिल, सोमवार
मोठा विजय. शत्रुघ्नने वॉल्वची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाला, साब, अब आप ही खोलिये, हमसे ये हाजिरी नहीं होगी. म्हणजे त्याला वेळेचं महत्त्व पटलं.

१ मे, शुक्रवार. सकाळी ६.००
सिस्टीम आता पूर्ण ऑटोमॅटिक. मी ५.१० ला उठतो, ५.२० ला खाली टाकीपाशी जातो, ५.२५ ला वॉल्व उघडतो, ५.२८ ला धावत मागे येतो आणि ५.३० ला टायमर आपोआप सुरू होतो. आपोआप! हाताने काही करावं लागत नाही.

सुनंदाने विचारलं, मग टायमर करतो काय? तिला ऑटोमॅटिक या शब्दाचा अर्थच कळलेला नाही.

झोन एमध्ये कोरफड कुजली. तिची प्रकृती आधीपासून तोळामासाच होती.

दुपारी लक्षात आलं की चोवीस फ्लॅटचं पाणी आता माझ्या हातात आहे. मी चार दिवस नाशिकला गेलो तर बिल्डिंगने आंघोळ कशी करायची? हे सुनंदाला सांगितलं. मोठ्या कष्टाने सांगितलं, मला काय आनंद होतोय का?

३ मे, रविवार
सुनंदा परस्पर खाली गेली आणि शत्रुघ्नला पटवून आली. आठ ते अकरा तारखेपर्यंत तो पाणी सोडणार, तेही ५.२५ ला. तिला त्याने शब्द दिला म्हणे. मला बारा दिवसांत दिला नाही.

एसटीची दोन तिकिटं काढलीत. आठ तारीख, सकाळी आठची गाडी. माझ्यासाठी नवा शर्ट आणलाय. गळ्याला टाइट होतो. म्हणाली, अजून घातला कुठेय तुम्ही?

एक गोष्ट लिहून ठेवायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय! साखरपुड्याला मी एवढंच बोललो होतो की, आमच्या घराण्यात पाईप विकणारा हा पहिलाच. हळू बोललो होतो. पण समोर माइक होता आणि तो चालू होता, हे कार्यालयवाल्याने सांगायला नको? दोनशे माणसं. दीपेशने ऐकलं. समोर येऊन खाली वाकून नमस्कार केला. त्याने उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं. दोघांचं फिटलं असतं. लग्नात मी पंगत बसायच्या आधी निघालो. पोट बिघडलं होतं.

तेव्हापासून तीन वर्षं नाशिकला जमलेलं नाही. झाडांमुळे.

५ मे, मंगळवार
रंगीत तालीम. मी अंथरुणात पडून राहिलो, शत्रुघ्नने वॉल्व उघडला, ५.३० ला टक्, पाणी सुरू. तिन्ही झोन भिजले. ५.४० ला बंद. काही म्हणजे काही चुकलं नाही.

सुनंदाने शेवया केल्या. मला गेल्या नाहीत. छातीत सारखं धडधडतंय. गॅस असावा.

७ मे, गुरुवार. संध्याकाळी ६.३०
बॅगा भरल्या. सुनंदाने माझा नवा शर्ट सगळ्यात वर ठेवला आहे. दार उघडल्यावर दीपेश आधी काय बोलेल, आणि मी काय बोलायचं, याचा विचार करत मागे गेलो. कसा आहेस, हे फार कोरडं. माफ कर, असं जावयाला म्हणतात का?

भिंतीतला नळ बंद केला. प्रवासाला निघताना सगळे नळ बंद करणं ही माझी नेहमीची सवय. निघणार उद्या आहोत, पण सवय ती सवय. सकाळी शेवटची चाचणी ५.३० ला. यंत्राने साथ दिली तर लगेच निघू. मी तयारच आहे.

८ मे, शुक्रवार. सकाळी ८.४०
यंत्र फेल! ५.३० ला टक् वाजलं आणि एक थेंब नाही. काय झालं कोण जाणे. शत्रुघ्नने तर वेळेवर वॉल्व उघडला होता, सगळ्या बिल्डिंगला पाणी होतं. ऐन वेळी असा दगा. विकत आणलेलं असतं तर दुकानदाराला धारेवर धरलं असतं. पण दुकानदार आपलाच.

सुनंदाला सांगितलं की अशा परिस्थितीत चाफा सोडून येणं मला शोभणार नाही. ती मागे आली, पण यंत्राकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने माझी बॅग उघडली, शर्ट काढून कपाटात ठेवला आणि स्वतःची बॅग उचलली. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, अहो, तुमच्या सीटवर मी पिशवी ठेवीन.

कोणीतरी मागे राहावंच लागतं.

१० मे, रविवार. दुपारी १.१५
व्हिडिओ कॉल. होम झाला, जेवणं चालू होती. संपदा नऊवारीत. माझा चेहरा दिसू नये म्हणून मी फोन चाफ्याकडे धरून ठेवला. ती म्हणाली, बाबा, चाफा बघितला, आता तुम्ही दिसा. नेटवर्क नाही म्हणून सांगितलं.

मग दीपेश आला. टायमर कसा चालतोय, बाबा? मी म्हटलं, फेल आहे तुमचा. तो म्हणाला, बदलून देतो. काही कुरकुर नाही, प्रश्न नाही. या माणसाशी भांडण तरी कसं करायचं?

जेवायला काल रात्रीची खिचडी. गरम केली नाही.

१२ मे, मंगळवार
आश्चर्य! झाडं तरारली आहेत. मोगऱ्याला कळ्या, अळूची पानं सुपाएवढी. आठ तारखेपासून मी बादलीला हात लावलेला नाही, कंबर अजून धरलेली आहे. तरी दुपारी झोपून उठल्यावर बघावं तर माती ओली! म्हणजे टायमर आपणहून सुधारला. किंवा मी मुळाशी नारळाची सोडणं पसरली त्यात ओलावा टिकतोय. पाणी शून्य, हिरवळ पूर्ण. व्हिडिओतल्या गृहस्थांना कळवलं पाहिजे.

१४ मे, गुरुवार
कळवलं. उत्तर नाही. एवढी कार्यक्षमता त्यांना झेपली नसेल.

सुनंदाचा मुक्काम वाढला. कधी येणार विचारलं तर म्हणाली, तुमचं यंत्र दुरुस्त झालं की कळवा. घरात आवाज असा नाहीच. टायमर टक् करतो तेवढाच.

१६ मे, शनिवार. दुपारी ३.३०
डासामुळे झोपमोड झाली. मागे गेलो तर वरून पाऊस. मान वर केली. मटिल्डा टीचर गॅलरीतून पाईप सोडून उभ्या!

त्या जराही दचकल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही रोज दोन ते चार झोपता, तेव्हा मी पानी घालते. सुनंदाने जाताना सांगितलंन. मी विचारलं, मग मी कशासाठी राहिलोय इथे? टीचर म्हणाल्या, तेच आम्ही सगळे विचारतो, बाबा.

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. अंग भिजलं होतं.

१७ मे, रविवार. अधिक महिना सुरू
सकाळी यंत्र काढायला गेलो. खोक्यात भरून नाशिकला परत पाठवणार होतो. भिंतीतला नळ बंद दिसला. ७ तारखेपासून बंद होता. यंत्र तसंच नळावर राहू दिलं.

खोक्यात कागदांचा गठ्ठा होता तसाच. आज वाचला. इंग्रजी माहितीपत्रकाच्या आत वहीचं एक पान होतं, मराठीत, हाताने लिहिलेलं. दीपेशचं अक्षर चांगलं आहे.

एक, भिंतीतला नळ आधी उघडा आहे ना बघा. संपदा म्हणते, बाबा निघताना सगळे नळ बंद करतात. दोन, तुमच्या सोसायटीत पाणी सव्वासहाला येतं, म्हणून वेळ साडेसहाची लावा, मी तशीच लावून पाठवली आहे. तीन, कोरफडीला नळी देऊ नका. चार, घराला कुलूप लावा आणि दोघंही या. तुमच्याकडून माझं काही येणं नाही आणि माझ्या मनातही काही नाही.

मी साडेसहाची वेळ पुसून साडेपाच केली होती. पहिल्याच दिवशी.

नळ उघडला. आठ तारखेला पुन्हा मागून घेतलेली वॉल्वची चावी शत्रुघ्नला परत दिली. त्याने सॅल्यूट केला.

१८ मे, सोमवार. सकाळी ६.४५
६.३० ला टक्, पाणी, ६.४० ला बंद. मी नुसता बसून होतो.

ठरलं. उद्या नाशिक. अधिकात जावयाला वाण द्यायचं असतं, तेहतीस अनारसे. ते सासऱ्याने नेऊन दिले तर बोलावं लागत नाही, डबाच बोलतो. विरारच्या एका बाईंकडून डबा आणला, दोनदा मोजला. फोन करणार नाही. एकदम दारात उभं राहायचं. आधी कळवलं तर सगळे तयारीत बसतील आणि मला काय बोलायचं ते सुचणार नाही. मोबाइल बंद ठेवणार. टीचरना सांगितलं, नायगावला काम आहे.

नवा शर्ट घालून बघितला. टाइट नाही.

१९ मे, मंगळवार. नाशिक. संध्याकाळी ५.२०
पायरीवर बसून लिहितोय. दाराला कुलूप आहे.

घर छान आहे. पाटीवर दोघांची नावं, संपदाचं आधी. शेजारच्या बाई म्हणाल्या, ते तिघं सकाळीच गाडीने विरारला गेले. बाबा येत नाहीत तर आपणच जाऊन वाण घेऊ, असं जावईबापूंनी ठरवलं म्हणे. त्यांनाही मला चकित करायचं होतं. आमची एसटी आणि त्यांची गाडी वाटेत कुठेतरी समोरासमोरून गेली असणार. मी तेव्हा झोपलो होतो.

मोबाइल चालू केला. अकरा मिस्ड कॉल. बाराव्याला दीपेश होता. विरारहून बोलत होता, आमच्या मागच्या जागेतून. संपदा त्याच्यामागे हसत होती की रडत होती कळलं नाही. सुनंदा म्हणत होती, विचारा त्यांना, शर्ट कोणता घातलाय.

दीपेश म्हणाला, बाबा, टायमर उत्तम आहे, फक्त भिंतीतला नळ बंद होता.

मी म्हटलं, आज सवयीने बंद केला. सात तारखेला मुद्दाम केला होता.

मग मी म्हटलं, आणि त्या दिवशी माइकवर जे बोललो, ते फार वाईट बोललो. आडून आडून काढलेल्या तीन वर्षांनंतर एका दमात बोलून टाकलं, तेही कुलपासमोर.

तो म्हणाला, नळ उघडलाय मी. आम्ही लगेच उलटे निघतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे, घर उघडा आणि आत बसा. तुमचंच आहे.

काकू किल्ली घेऊन आल्या. मी घेतली नाही. पहिल्यांदा येतोय, ते आल्यावरच आत जाईन. काकू चहा ठेवून गेल्या. भूक लागली होती, अनारसे खाल्ले. एकोणतीस राहिलेत. सुनंदा मोजणार.

६.४०
सहा वाजता कुंपणापाशी टक् असं वाजलं. एक हिरवा टायमर, आमच्यासारखाच. बारीक नळीतून एका रोपाला पाणी सुरू झालं. जवळ जाऊन बघितलं, सोनचाफा आहे, गुडघ्याएवढा. घरात कोणी नाही, दाराला कुलूप, आणि पाणी वेळेवर.

दहा मिनिटांनी आपोआप बंद झालं. मी घड्याळ लावून बघत होतो.